मायची लाथ

अकोल्यात मणक्याच्या दवाखान्यात पुंजाराम नंबरची वाट पाहत बसला होता. बाजूला मैनाबाई. तिचा पोरगा ललित चिंचेवरून पडला आणि त्याचे दोन्ही पाय बधिर झाले. ऑपरेशन झालं होतं. पाय हालतात का, तेवढंच कळायचं होतं. तेवढ्यात तिची सून भावना धावतच बाहेर आली. कमरेचं दुखणं विसरून पुंजारामनं कान टवकारले.

"आत्याबाई, अंगठा हालला! उजवा!"

"खरं सांगून राहिली का वं?"

"तुमची आन! डॉक्टर दोनदा म्हने, हालव. हालेच ना. मंग मी म्हनलं, हालवा, नाही तं तुमच्या मायले बलावतो लाथ माराले."

"पायाळू हाओ मी, पायाकडून जन्मलेली! अर्ध्या दर्यापूरच्या कमरा माह्या लाथेनं मोकळ्या झाल्या."

"म्हनून तं चिंचेखाली तुमाले मी अन् शेजारनीनं धरून ठेवलं! तुमी त्याइच्या कमरेवर पाय उचललाच होता."

"बरं केलं वं माय. नाही तं म्याच पोराचं वाटोळं केलं असतं."

"रडू नका आता."

"रडून कोन राह्यलं? डावा अंगठा?"

"तो अजून नाही."

"मंग मले आत घेऊन चाल. लाथ नाही मारत. दारात उभी राहून नुसता पाय उचलून दाखवतो."