हेमा कन्यादानाला बसली

नाही हो, माझं काय — पाळी पन्नाशीला बंद झाली, दोनेक वर्षं अंगातून नुसत्या वाफा निघायच्या, पंख्याखाली बसायचं, झालं. त्रास नाही, असंच लिहा तुमच्या पाहणीत. पुढचं काय म्हणालात? बंद झाल्यावर परत अंगावरून गेलं का? माझ्या नाही — जावेच्या गेलं. हेमाच्या. धाकटी जाऊ, कात्रजला राहायची. ती नाही आता, तिचं कुठे लिहिणार तुम्ही?

पाळी गेली तेव्हा खूश होती ती. आमच्याकडे त्या दिवसांत देवाला शिवत नाहीत — स्वयंपाकघरात चालतं हल्ली, देवाला नाही — तर म्हणायची, ताई, आता गौरींचं सगळं मीच करणार, मधेच कोणी उठवणार नाही. दोन वर्षं केलंही. मग माझ्या पूर्वाचं लग्न ठरलं. आमचे हे आधीच गेलेले, म्हणजे कन्यादानाला सुदर्शनभाऊजी आणि हेमाच — दुसरं जोडपं होतं कुठे घरात? लग्नाला वीस दिवस, आणि ही दुपारची आली, म्हणाली परत सुरू झालंय, डॉक्टरकडे जाऊ का? — पाणी घ्या ना, घ्या — मी काय म्हटलं? म्हटलं, कोणाला बोलू नकोस, भाऊजींनाही नको, या वयात होतं असं, माझ्या आईलाही झालेलं. नव्हतं झालं. खोटंच सांगितलं. सासूबाईंच्या कानावर गेलं असतं तर त्यांनी तिला बसू दिलं नसतं, मग माझ्या पोरीचं कोणी केलं असतं? "लग्न होऊ दे, मग बघू," म्हटलं.

बसली ती. शालू नेसून, आत दुहेरी कापड घेऊन. लग्न छान झालं. मग म्हटलं, श्रावण होऊ दे, गौरी होऊ देत — नाही, तेव्हा मी काहीच म्हटलं नाही. ती गप्प राहिली आणि मीही विचारलं नाही. दिवाळीनंतर चक्कर येऊन पडली, तेव्हा नेलं. गर्भाशयाचा कॅन्सर, पसरलेला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कधीपासून जातंय? भाऊजी समोर, मी शेजारी. हेमाने माझ्याकडे बघितलं. सात महिने झाले होते. म्हणाली, "महिना झाला असेल."

मी तिथेच उभी होते. बोलले नाही. भाऊजींना अजूनही — अहो, लिहिताय काय? खोडा ते. या आता तुम्ही.