दार मिळेपर्यंत

मुलुंडला गुणाजी सोनाराच्या दुकानात सुलक्षणा मंगळसूत्र ओवून व्हायची वाट बघत बसली होती. तिच्या शेजारून पेणकरआजी उठल्या आणि त्यांनी बोटभर लांबीची चांदीची नळी काउंटरवर ठेवली.

“गुणाजी, ही गळ्यात घालता येईल अशी करून दे.”

“ताईत आहे का, आजी?”

“मेझुझा. आम्हा यहुद्यांच्या दाराच्या चौकटीवर असतो. आत प्रार्थना आहे, चामड्यावर हातानं लिहिलेली.”

“मग गळ्यात कशाला?”

“आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला पाडली ना. आता भाड्याच्या खोलीत आहे. मालक म्हणतो, चौकटीला खिळा मारायचा नाही.”

“असं कसं? देवाचं आहे ते.”

“प्रार्थनेतच सांगितलंय, ही वचनं दाराच्या चौकटीवर लिही. आमचे हे येता-जाता या नळीला हात लावून बोटं ओठांना लावायचे. शेवटी स्ट्रेचरवरून नेताना त्यांचा हात पोचेना, तर मीच धरून लावला. आता दारच नाही. मी हात कशाला लावू?”

सुलक्षणाचा हात आपसूक गळ्याशी गेला. गळा मोकळा होता.

“कडी डाग देऊन बसवतो. आतली प्रार्थना काढून ठेवा, नाहीतर जळेल. आणि ही दोन भोकं बुजवून टाकू?”

“नको रे! नव्या घरी खिळे त्यातूनच मारायचेत.”

“कधी मिळतंय घर?”

“तीन वर्षांनी.”

“बिल्डरची तीन म्हणजे सहा धरा, आजी. वय काय तुमचं?”

“अठ्ठ्याहत्तर. तू कडी लाव.”