अर्ध्यावर वाजलेल्या टाळ्या

मंडळी, मागे उभे आहेत त्यांनी जरा पुढं या. सतरंजीवर अजून जागा आहे.

एवढी माणसं आमच्या एकाही कार्यक्रमाला आली नव्हती. दत्तानं ही गर्दी बघितली असती तर म्हणाला असता, "आक्का, आज हाऊसफुल्ल हाय, नीट वाजव." मी नसीमा, लोणावळ्याची. आमचं बॅटरीचं दुकान आहे, आणि दत्ताच्या बँडमध्ये मी बेस गिटार वाजवते. बेस म्हणजे ती जाड तारांची. बंद पडेपर्यंत ती वाजतेय हेच कुणाला कळत नाही. त्यामुळे बोलायची सवय नाही मला. गेल्या मंगळवारी दत्ता कंपनीतून आला, जेवला, छातीत दुखतंय म्हणाला, आणि दवाखाना गाठेपर्यंत गेला. अजून खरं वाटत नाही हो.

पण आज मी रडायला उभी नाही.

मघाशी सरपंचभाऊ म्हणाले, "दत्ता गेला, त्याच्याबरोबर त्याचा बँडही संपला." भाऊ, तुम्ही मोठे आहात, जीव तुटून बोललात. पण मला राग आला. खरंच आला. कुणी सांगितलं तुम्हाला संपला म्हणून?

हा बँड सुरू कसा झाला ते ऐका. गणपतीची मिरवणूक होती. सगळं ढोलपथक एका ठेक्यात, आणि हा पठ्ठ्या मध्येच सात मात्रांचं काहीतरी घुसवतोय. पथकप्रमुखानं त्याला तिथल्या तिथं रांगेतून बाहेर काढला. मी आणि प्रशांत रस्त्याकडेला भेळ खात होतो. प्रशांत म्हणजे हा पहिल्या रांगेत बसलाय तो, रेल्वेत आहे, गिटार वाजवतो आणि गातो. तो म्हणाला, "नसीमा, आपला ड्रमर सापडला बघ."

बेडशाला प्रशांतच्या मामांची बंद पडलेली पोल्ट्री होती. कोंबड्या गेल्या होत्या, वास गेला नव्हता. तिथं आम्ही तिघं बसायचो. बँडला नाव दिलं 'तिसरा बोगदा'. लोक विचारायचे, ठेकेदारी करता का?

आमची गाणी लांबच लांब. मध्येच ताल बदलणार, मध्येच सूर बदलणार. वरातीत चालत नाहीत, नाचता येत नाही. लोणावळ्यातला एक हॉटेलवाला म्हणाला, शनिवार-रविवार हिंदी गाणी वाजवा, कायमचं काम देतो. दत्तानं त्याला तोंडावर सांगितलं, "नवलाख उंबऱ्याच्या एमआयडीसीत मी दिवसभर दुसऱ्यानं सांगितलेलं करतोय. सुट्टीच्या दिशी बी त्येच करू व्हय?" झालं, विषय मिटला. गाणी आम्ही केली, आम्हीच रेकॉर्ड केली, आम्हीच नेटवर टाकली. पुण्यात वाजवलं, मुंबईत वाजवलं, बंगळुरूला गेलो तेव्हा दत्ताच्या आईनं, सखूमावशींनी, भाकरी-ठेचा बांधून दिला होता. आठवतंय ना मावशी? ज्यांना आपला मावळ कुठं आहे हेही माहीत नाही, असली माणसं दत्ताला लिहायची की तुझा ताल डोक्यातून जात नाही.

आणि आपल्या कार्ला गावच्या जत्रेत काय झालं?

आमचं एक गाणं आहे, 'आवणी'. चांगलं अर्ध्या तासाचं. ते दत्ताचं. आवणीत भाताची रोपं लावताना बायका वाकून वाकून दमतात आणि मध्येच कंबर सरळ करायला उभ्या राहतात, ते त्यानं लहानपणापासून बघितलेलं. मला म्हणाला, "आक्का, आय हुबी ऱ्हाती तवा सगळं रान थांबल्यागत वाटतं. गाण्यात बी तसंच थांबायचं. मग पुन्हा वाकायचं." म्हणून गाण्याच्या मधोमध सगळं थांबतं. अजिबात आवाज नाही. मग दत्ता एकच ठोका देतो आणि पुढचं निम्मं गाणं सुरू होतं.

जत्रेत स्टेजवर आम्ही तिथं थांबलो. आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या! निवेदकानं माइक घेतला, "पांढरी बोलेरो बाजूला घ्या, पंगत बसतेय." उठलं की सगळं गाव! दत्ता काठी वर धरून तसाच बसलेला. ओरडतोय, "बसा की वो, अजून निम्मं हाय!" कोण ऐकतंय? सगळे भाताकडे.

आम्ही पोट धरून हसलो त्या दिवशी. तो नाही हसला. म्हणाला, "गावात एकदा पुरं वाजवायचं, आक्का. न्हाई आवडलं म्हणूदेत. पर पुरं ऐकून म्हणूदेत." एवढंच मागणं होतं त्याचं. ते राहिलं.

राहिलं म्हणून सोडून द्यायचं? मी नाही सोडणार.

परवा आबा पोल्ट्रीवर आले. दत्ताचे वडील. ढोल त्यांनीच शिकवला त्याला, पण आमचं वाजवणं ऐकून म्हणायचे, "ह्यो ताल हाय का आकडी आलीया?" इतक्या वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं तिथं. आले, खाली बसले आणि म्हणाले, "त्या गाण्यात फुडं काय हाय?" आम्ही फोनवर लावलं. पुरं ऐकलं. मग विचारलं, "हितं ठोका कोन द्यायचा?" आबाच म्हणाले, "मी देतो."

मंडळी, पडद्यामागं आमची वाद्यं लावलेली आहेत. आबांचा ढोल इथं पुढं आहे. ठोक्यानंतरचे ड्रम आज कुणीही वाजवणार नाही. ती जागा मोकळीच राहील आणि ती मोकळी आहे हे तुम्हाला ऐकू येईल. पुढच्या जत्रेपर्यंत आम्ही माणूस शोधू, त्याला शिकवू आणि याच गावात पहिल्यापासून वाजवू. आमंत्रण द्या नाहीतर नका देऊ.

पहिलं निम्मं तुम्ही ऐकलंय. आज तिथून पुढं.

आता सगळे उभे राहूया. दत्तासाठी शांत राहूया. ही शांतता त्याच्याच गाण्यातली आहे. किती वेळ ते मी सांगणार नाही, ढोलाचं टिपरू आबांच्या हातात आहे. आणि ठोका पडला की खाली बसा. टाळ्या नकोत, कुणी उठायचं नाही, बोलेरो राहू दे तिथंच.

दत्ता, गाव थांबलंय रे.

आबा, तुम्ही म्हणाल तेव्हा.