दाखल्यातला किल्लीवाला

“मी तुमचं नाव कुठं घेतलं?” म्हणतात! तुम्हाला सांगतो, या आख्ख्या वस्तीत किल्ल्या करणारा माणूस एकच, तो मी, आणि आमच्या चर्चचे पाळकसाहेब भर उपासनेत उभे राहून बोधाचा दाखला सुरू करतात, “एका गावात एक किल्लीवाला होता...” आता नाव कशाला घ्यायला हवं हो? पहिल्याच वाक्याला सगळ्या माना माझ्याकडे!

तर म्हणे, तो किल्लीवाला जगाची कुलपं उघडायचा, आणि एकदा रागाच्या भरात त्यानं स्वतःच्याच मुलाला बाहेर काढून घराचं कुलूप बदललं, तेव्हापासून तीन वर्षं मुलगा बोलत नाही... अहो, हे मी खासगीत सांगितलं होतं! पाळकसाहेबांच्या कपाटाचं कुलूप अडलेलं, मी गुडघ्यांवर, हातात कानस, आणि हे मागून इतक्या मायेनं, “मुलगा कसा आहे?” गेलो वाहवत!

तणतणत गेलो जाब विचारायला. तर चष्मा पुसत, जाडजूड पुस्तक उघडून, “हे पाहा, दाखल्याला मूळ ग्रीक शब्द पॅराबोले. म्हणजे एका गोष्टीच्या शेजारी दुसरी ठेवणं. मी तुमची मांडली, ऐकणाऱ्यानं शेजारी आपली ठेवायची आणि ताडून पाहायचं.”

शेजारी ठेवायची! कुणी ठेवली? दूधवाली मला म्हणते, “भाऊ, इतकं निष्ठुर होऊ नये.” कोण, तर जी सख्ख्या बहिणीचं तोंड बघत नाही ती! शिंपी खांद्यावर हात टाकून, “तुमच्यासाठी प्रार्थना करतो हं.” अरे, स्वतःची आई वर्षभर भाच्याकडे टाकलीयस, ती ठेव की शेजारी! आणि आमची ही, डोळे पुसत, “तरी मी म्हणत होते, कुलूप बदलू नका.” कधी म्हणाली होती हो? दाखला ऐकल्यावर म्हणाली!

पण खोटं कशाला बोलू... हे उपदेश मोबाइलवर कुठंकुठं जातात. पोराच्या कानावर गेला तर? तेवढ्यासाठी सगळा अपमान गिळून गप्प बसलो.

आणि काल दुपारी फोन. त्याचा! तीन वर्षांनी! तो घ्यायच्या घाईत गिऱ्हाइकाची किल्ली वाया गेली.

“बाबा, तो दाखला ऐकला.”

मी नुसतं “हं.”

“त्या मुलाच्या शेजारी मी स्वतःला ठेवून पाहिलं. मुलाचंच बरोबर होतं.”

मी म्हटलं, “हो रे. त्याचंच.”

जन्मात पहिल्यांदा आमचं बापलेकाचं एकमत झालं... आणि त्यानं फोन कट केला.