बहुमताचा वरुण

नानासाहेब : हळू, चारुशीला, हळू. अख्ख्या गल्लीला कळेल.

चारू : कळू दे गल्लीला, नाना! चोरी झालीय, चोरी! अहो, आज पुरातत्त्व खात्याचे औरंगाबादचे साहेब येणार म्हणून मी मधल्या सुट्टीत शाळेतून पळत आले. कुलूप काढलं, संग्रहालयात पाऊल टाकलं, आणि चौथरा रिकामा! नुसतं कार्ड उभं आहे. 'वरुण. दगडी मूर्ती. गावतलावाच्या कामावर सापडली.' देव गायब, कार्ड हजर. आता साहेबांना काय कार्डाचं दर्शन घडवायचं?

नानासाहेब : कुलूप फोडलं होतं?

चारू : नाही ना! चांगलं लावलेलं होतं. म्हणजे किल्लीवाल्याचंच काम. किल्ल्या तीन. एक तुमच्या जानव्याला, एक माझ्या कंपासपेटीत, आणि तिसरी...

पुतळाबाई : तिसरी माज्या कमरंला. अवं, हिकडं मागं या की. त्या रिकाम्या खोलीत काय हुडकताय?

चारू : पुतळामावशी! तुम्ही लिंबाखाली काय करताय? आणि गुरांच्या ह्या दगडी डोणीत पाणी कुठनं आलं? गुरं तर सगळी चारा छावणीत गेलीत. डोणी कोरडी ठणठणीत होती.

पुतळाबाई : घरटी एक तांब्या. टँकरच्या पान्यातला. वाकून बघ, म्हंजी कळंल कुनासाठी.

चारू : नाना... नाना, या इकडं. हा बघा आपला वरुण. पाण्याखाली. उताणा.

नानासाहेब : तौबा, तौबा! पुतळाबाई, तुम्ही संग्रहालय समितीच्या सभासद आहात. कुणाची इजाजत घेतलीत?

पुतळाबाई : निजामाच्या शाळंत शिकल्यापासनं तुमी निसती इजाजतच मागताय, नाना. पाऊस यीना म्हंजी देव पान्यात कोंडायचा, ह्ये काय नवं हाय? नाकातोंडात पानी गेलं की त्योच धाडतो पाऊस.

चारू : नाक कुठं आहे त्याला? तुमच्याच कुदळीनं उडवलंय.

पुतळाबाई : बहात्तर साली गं! दुष्काळी कामावर. मला काय ठावं मातीखाली कोन निजलंय त्ये. तू तवा पाळन्यात हुतीस.

नानासाहेब : पण कोंडायचा तर देवळातला देव कोंडा. महादेव आहे की गावात.

पुतळाबाई : त्येला कोंडून म्हैना झाला. गाभाऱ्यातलं पानी आटलं, ढग काय आला न्हाय. मग बाया म्हनल्या, पावसाचा खरा मालक तुमी मुजियमात कुलपात घातलाय, मग पाऊस पडंल कसा?

चारू : पण हाच मालक आहे हे बायांना कुणी सांगितलं?

पुतळाबाई : आता गं बया! तूच की! गाव गोळा करून, हातात छडी घिऊन. 'हा वरुण, पाण्याचा स्वामी, पायाखाली मगर.' लई झ्याक बोललीस. इरम्मा तर रडली.

चारू : अहो, कार्डावर होतं म्हणून बोलले! आणि कार्डावर कसं आलं? तुम्हा सगळ्यांच्या कृपेनं! नाना म्हणाले यक्ष. मच्छिंद्रकाका म्हणाले खंडोबा. वीरप्पाअण्णा म्हणाले, ती मगर नाही, घोरपड आहे, आपण शेतात रोज बघतो. कुणाचं कुणाला पटेना, तेव्हा नानांनीच तोड काढली, की दूध सोसायटीत चेअरमन निवडतो तसे हात वर करा. चार विरुद्ध तीन, वरुण निवडून आला! जगात कुठं बहुमतानं देव ठरवतात का?

नानासाहेब : काहीतरी लिहिणं भाग होतं, बाळ. 'माहीत नाही' असं कार्ड लावलं असतं तर बघायला कोण आलं असतं?

चारू : आता कोण येतंय ते आठवा. गेल्या खेपेला कपाळावर कुंकवाचं एक बोट दिसलं, तर साहेब काय म्हणाले? 'हे संग्रहालय की देऊळ, ते एकदा ठरवा. पुन्हा पूजाअर्चा दिसली तर मूर्ती औरंगाबादला हलवीन.' आणि इथं तर हळद आहे, कुंकू आहे, लिंबाचा पाला आहे, देवाला जलसमाधी आहे!

पुतळाबाई : औरंगाबादला? आन तिथं काय करत्याल त्याचं?

चारू : नंबर घालून ठेवतील कुठंतरी मागच्या खोलीत. आपल्याकडं काय उरणार मग? दोन तोफगोळे, निजामाच्या वेळची मापं आणि माझं भाषण. मावशी, सगळं संग्रहालय ह्या एका मूर्तीवर उभं आहे. ती गेली की दूध सोसायटी तिचं हे गोदाम परत मागणार. आपण काय पगारी आहोत का कुणाचे? चार माणसं हौसेनं झाडतो, पुसतो, दार उघडतो. उद्या 'या आता' म्हणतील आणि दार बंद.

पुतळाबाई : म्या हुडकलेला देव हाय. कोन नेतंय बघतेच.

नानासाहेब : सरकार नेतं, पुतळाबाई. तिथं तुमच्या आवाजाचं काही चालत नाही आणि माझ्या अर्जाचंही.

चारू : म्हणून म्हणते, काढू या! आत्ताच्या आत्ता. पुसायचा, चौथऱ्यावर ठेवायचा, आणि साहेब गेले की...

पुतळाबाई : की परत बुडवायचा? देव हाय का च्यातलं बिस्कुट? चारे, एकदा कोंडला की पाऊस पडंस्तवर काढत न्हाईत. मधीच काढला तर रुसून जातो, परत हिकडं तोंड करत न्हाय. शांताक्कानं लेकराच्या अंघोळीचं पानी दिलंय. म्या काल भाकरी कोरडीच गिळली, पर माजा तांब्या ओतला. आता बायांना काय तोंड दावू?

चारू : बरं. मग रीतसर करू. सभा घेऊ.

नानासाहेब : आत्ता? इथं?

चारू : इथंच, डोणीपाशी. तिघं असले की कोरम होतो, तुम्हीच शिकवलंय. मच्छिंद्रकाका एसटीच्या ड्युटीवर, वीरप्पाअण्णा छावणीत, बाकीचे पोटामागं सोलापूरला. मला पण तुम्ही समितीत घेतलंय, तेव्हा माझा हात मोजायचा. ठराव ऐका! ही मूर्ती वरुणाची नाही. वरुण नाही तर कोंडून उपयोग नाही. उपयोग नाही तर काढायला हरकत नाही. बाजूनं कोण? माझा हात वर. नाना?

नानासाहेब : नाइलाज आहे, पुतळाबाई. माझाही.

चारू : दोन विरुद्ध एक. मंजूर!

पुतळाबाई : चौघांनी बसवला, दोघांनी उठवला. आन पाऊस काय तुमच्या ठरावाकडं बघून थांबलाय व्हय?

चारू : मावशी, जरा सरका ना. नाना, तुम्ही पायांकडून धरा, मी डोक्याकडून. कंबर सांभाळा. एक, दोन...

(इरम्मा येते. वाकलेली म्हातारी. हातातल्या पितळी तांब्यावर तिनं पदर झाकला आहे.)

इरम्मा : पुतळा, उशीर झाला बघ. टँकर आमच्या गल्लीला शेवटी येतोय. जागा हाय का गं डोणीत अजून?

पुतळाबाई : मला नगं इचारू, अव्वा. ही समिती हुबी हाय, तिला इचार.

इरम्मा : चारी हाय व्हय? बरं झालं. बाळा, तू बोललीस तवापासनं मनात बसलंय बघ. पान्याचा स्वामी. मला डोळ्यानं नीट दिसत न्हाय आता. ह्यो त्योच न्हवं?

नानासाहेब : सांग त्यांना, चारुशीला. ठराव झालाय.

चारू : आजी...

इरम्मा : मोठ्यानं बोल की. त्या दिशी कशी खणखणीत बोलत हुतीस.

चारू : आजी, हा... हो. तोच आहे. जागा आहे. ओता तुम्ही. सावकाश, छातीवर ओता, सांडू देऊ नका.

नानासाहेब : चारुशीला!

चारू : मग तुम्ही सांगा, नाना! इतकी वर्षं मुख्याध्यापक होतात ना? सांगा, तांब्या घरी परत न्या, समितीचं मत बदललं. बघा तोंडातून निघतंय का.

नानासाहेब : ...ठराव अजून लिहून कुठं काढलाय म्हणा.

पुतळाबाई : फाट्याकडं बघा. धुराळा उठलाय. जीपच हाय.

नानासाहेब : आली! आता काय? ऐका, ऐका. आपण सांगू, मूर्ती भिजत घातलीय. सफाईसाठी. शास्त्रीय पद्धत आहे अशी.

चारू : आणि हळदकुंकू काय, साबणाऐवजी? नको, नाना. मीच बोलते. मावशी, माझा आवाज निघेल ना?

पुतळाबाई : निगंल. न्हायच निगाला तर म्या हाय.

(थोड्या वेळानं साहेब संग्रहालयातून मागं डोणीपाशी येतात.)

साहेब : नमस्कार, नानासाहेब. आतून येतोय मी. चौथऱ्यावर नुसतं कार्ड आहे. मूर्ती कुठंय?

नानासाहेब : मूर्ती, साहेब, म्हणजे त्याचं असं आहे...

चारू : इथं आहे, साहेब. डोणीत. वाकून बघावी लागेल.

साहेब : हे काय? पाण्यात घातलीत? आणि हे कुंकू... मी गेल्या वेळी काय बजावलं होतं?

चारू : संग्रहालय की देऊळ ते ठरवा, म्हणाला होतात. आम्हाला ठरवता येईना. आत्ताच मतं घेतली, ती पण टिकली नाहीत. साहेब, मी खरंच सांगते. हा कोण आहे ते आम्हाला माहीत नाही. वरुण आम्ही हात वर करून लिहिला. पण गावाला वाटलं, संग्रहालयात लिहिलेलं म्हणजे खरं असणार. म्हणून प्यायच्या पाण्यातला एकेक तांब्या आणून ओतलाय त्यांनी. ह्या आजी तर आत्ता आल्या. आज आम्ही तो बाहेर काढला, तर उद्या आमचं कार्ड कोण वाचेल? तलावाच्या गाळातच होता तो, पाण्यानं त्याला काही होत नाही. पाऊस पडला की काढू, पुसू, जागेवर ठेवू. आणि कार्डावर लिहू, 'माहीत नाही.' मी स्वतः लिहीन.

साहेब : मुली, जीपमध्ये पेंढा भरून आणलाय मी. उचलायला दोन माणसं बसलीत.

चारू : वाटलंच होतं, साहेब.

नानासाहेब : साहेब, अध्यक्ष मी आहे. जे झालं त्याची जबाबदारी माझी. फक्त थोडी मुदत द्या.

साहेब : मुदत कधीपर्यंत?

चारू : पाऊस पडेपर्यंत.

साहेब : आणि नाहीच पडला तर?

पुतळाबाई : तर मग न्या, सायेब. पाऊसच न्हाय तर आमी तरी कुठं ऱ्हानार हितं?