ओव्हनमधले देव

...नाही हो, पण बुद्धाचं डोकं कमोडवर? आपल्या घरातल्या कमोडवर? नुसतं डोकं हं, धड नाही! शेजारी गुळगुळीत दगड रचलेले आणि एक गुंडाळलेला पांढरा टॉवेल, ज्याला आम्ही हात लावायचा नाही. मी म्हटलं, "डेबी, हे काय?" तर म्हणे, "झेन, टिम! स्पा फीलिंग!" माझं नाव त्र्यंबक. पहिल्याच दिवशी तिनं त्याचं टिम करून टाकलं. विकायचं घर असं सजवून मांडणं म्हणजे म्हणे स्टेजिंग. नावाचंही तेच केलं असणार!

तुम्हाला सांगतो, या चँडलर गावात घर विकायला काढणं, आणि तेही या २००७ साली... शत्रूवरही ही वेळ येऊ नये. आमच्या रस्त्यावर झाडं कमी आणि 'फॉर सेल'च्या पाट्या जास्त! आणि मला पुढच्या महिन्यात कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला, नव्या नोकरीवर हजर व्हायचंय. हे घर गेलं नाही तर तिकडे भाडं, इकडे हप्ता आणि मध्ये मी! म्हणून ही घरं विकून देणारी रिअल्टर, डेबी. आत आली, बूट न काढता... बूट न काढता हो!... सगळ्या खोल्यांतून फिरली, नाक मुरडलं आणि म्हणाली, "आय कॅन टेल समबडी लिव्ज हिअर." अगं बाई, राहतोच आम्ही इथे! तर म्हणे, तोच तर प्रॉब्लेम आहे. इथे कुणी राहतंय असं वाटता कामा नये!

झालं. भिंतीवरचे आई-बाबा उतरले. सोफ्यावरची चादर निघाली, तेव्हा आम्हाला कळलं की आमचा सोफा क्रीम रंगाचा आहे. टेबलावर काचेच्या भांड्यात लिंबं आली, रसरशीत, आणि सरबत करायचं नाही! "नो करी, टिम!" मी म्हटलं, आम्ही करी करतच नाही, वरण करतो. तेही नो! शरयू, म्हणजे आमची ही, गॅरेजमध्ये शेगडी मांडून पोळ्या लाटतेय, ॲरिझोनाच्या जूनमध्ये! तव्याखाली जाळ नसता तरी भाजल्या असत्या. आंघोळ केली की शॉवर कोरडा पुसायचा, म्हणजे आंघोळ केल्याचा पुरावा नष्ट करायचा. स्वतःच्या घरात स्वतःचा केस सापडला तरी मी दचकायला लागलो! किळस आली हो मला. कशासाठी हे सगळं? तर इथे कुणी राहतंय असं वाटता कामा नये!

आणि मग तिची नजर गेली देवघरावर. "ओ, सो कलरफुल!" मी तेव्हाच ओळखलं, देव गेले. "गॅरेज?" ती म्हणाली. शरयू कडाडली, "गॅरेजमध्ये देव? तिथे चपला आहेत, कचऱ्याचा डबा आहे! अहो, सांगा ना हिला!" मी काय सांगणार? पण बुद्ध संडासात नि बाळकृष्ण कचऱ्याशेजारी, ही कुठली रीत?

आता मला सांगा, आपल्या लोकांच्या घरातली सगळ्यात सोवळी जागा कुठली? ओव्हन! तुम्ही वापरता? कढया ठेवायला वापरता! आमच्या ओव्हनमध्ये घर घेतल्यापासून साधं अंडं शिरलेलं नाही. शरयूनं कढया काढल्या, आत पाट मांडला, पाटावर बाळकृष्ण, अन्नपूर्णा, गणपती, बाजूला चंदनाचं खोड, धूप, तुपात भिजवलेल्या फुलवाती. रोज सकाळी दार उघडायचं, आतला दिवा लागायचा... अगदी गाभारा! खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं.

रविवारी ओपन हाउस, म्हणजे गिऱ्हाइकांनी येऊन घर बघायचं. तेव्हा मालकानं घरात थांबायचं नसतं, म्हणून आम्ही कोपऱ्यावर गाडीत एसी लावून चिवडा खात बसलो. डेबीचा फोन. "रिलॅक्स, टिम! मी कुकीजचं पीठ आणलंय. ओव्हन तापत ठेवलाय. खमंग वास आला की घर विकलंच समज!" मी म्हटलं, वा! शरयूचा हात चिवड्यात तसाच राहिला. "अहो... देव!"

गाडी वळवली, धावत आत गेलो, तर घरभर धूर! धूप, चंदन, तूप... काकडआरती चाललेली जशी! आणि ओव्हनसमोर कुकीजचा ट्रे घेऊन डेबी, पांढरीफटक. "टिम," ती कुजबुजली, "देअर इज अ बेबी इन द अवन."

शरयूनं ओढणी हाताला गुंडाळून एकेक देव बाहेर काढला. पितळेचे, त्यांना काही झालं नाही, पाट तेवढा करपला. पण ती रडत होती, आणि मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू... घर विकायचं म्हणून मी देव भाजले!

आणि हॉलमध्ये बघतो तर सोफ्यावर एक गोरं म्हातारं जोडपं, डोळे मिटून. म्हातारी म्हणाली, "आज किती घरं पाहिली, सगळी हॉटेलच्या खोल्यांसारखी. पण इथे कुणीतरी राहतंय असं वाटतं!" मी डेबीकडे बघितलं. ती लिंबांकडे बघत होती.

घर पसंत! पण... आधी त्यांचं स्वतःचं घर विकलं गेलं पाहिजे. आणि ते विकलं जात नाही. का? तर तिथेही असलंच स्टेजिंग करून ठेवलंय! म्हणून काल डेबीचा फोन. "टिम, त्यांच्या ओपन हाउसला, एका रविवारपुरता... कॅन वी बॉरो द बेबी?" साखर उसनी दिलीय हो मी, पण देव? मी शरयूकडे बघितलं. ती शांतपणे म्हणाली, "देऊ की. पण आधी विचारा, त्यांच्या ओव्हनमध्ये कधी टर्की भाजलीय का?"

विचारलं. काय करता! म्हातारीला केवढा आनंद झाला हो. "दर थँक्सगिव्हिंगला! या नोव्हेंबरात तुम्ही दोघंही या ना जेवायला!"

नोव्हेंबरात! मी पुढच्या महिन्यात फ्रीमाँटला असायला हवा! म्हणजे तिलासुद्धा कळून चुकलंय, की इथे कुणीतरी राहतंय... आणि राहणार!