सुनेने सांगितलेला सिनेमा

वॉटफर्डच्या फलाटावर बर्मिंगहॅमच्या गाडीची वाट पाहणाऱ्या सुनेत्राच्या कानावर शेजारच्या बाकावरची मराठी आली. सासूची बॅग तिची तेलुगू सून घट्ट धरून बसली होती.

“चार वर्षं तुझ्या भरवशावर तो जुना तेलुगू पिक्चर बघतेय, लावण्या. एका घरात तीन जावा आणि वर सासू. तू मराठीत सांगायचीस, मी हसायचे.”

“हो आई.”

“काल तुझ्या लेकीने, मायराने, पिक्चरच्या खाली इंग्लिश अक्षरं लावली. धाकटी सून म्हणते, पाऊस येईल, कपडे काढते. तू मला काय सांगितलं होतंस?”

“सासूबाई, माझ्या सांबारात गूळ घालू नका.”

“आणि मी म्हटलं, बरोबर आहे पोरीचं, सासूच आगाऊ.”

“तरी गूळ घालतच आहात.”

“ते माझ्याबद्दल आहे हे मला काय माहीत? तोंडावर का नाही बोललीस?”

“तुम्ही भावजींकडे बर्मिंगहॅमला निघून गेला असता.”

“मग आता काय महाबळेश्वरला चाललेय?”

गाडी आली, दारं उघडली.

“त्यातली सासू शेवटी घर सोडते का गं?”

“नाही आई. हे मी मनचं घातलेलं नाही.”

दारं मिटली. सुनेत्राही चढायची राहिली.

“उचल बॅग. घरी गेल्यावर ती अक्षरं बंद कर. आणि यापुढे पिक्चरमधली सासू काय बोलते, ते मी सांगणार.”